जुनी पिकअप घेताय? इसार देण्याआधी मागच्या एक्सलचा रेशो मोजा



आजचा मेसेज फवारणीचा नाही, गाडीचा आहे. जरा लांब आहे, म्हणून जेवण झाल्यावर निवांत वाचा. ज्यांना आत्ता गाडी घ्यायची नाही त्यांनीही जपून ठेवा. भाऊबंदांत कुणीतरी घेणारा निघतोच.

उन्हाळी टोमॅटोच्या लागवडी सुरू आहेत. पहिला तोडा यायला अजून दोन-अडीच महिने आहेत. या मधल्या दिवसांत आपले बरेच सभासद जुनी पिकअप बघत फिरतायत. गेल्या पंधरवड्यात मला त्यासाठी चार फोन आले. चौघांनीही मॉडेल सांगितलं, किलोमीटर सांगितले, ॲव्हरेज सांगितलं, टायर किती टक्के आहेत तेही सांगितलं. मागच्या एक्सलचा रेशो किती, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं. गाडी विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

हा आकडा पंधरा-वीस मिनिटांत, एक जॅक आणि खडू घेऊन, आपला आपल्याला काढता येतो. तो कसा काढायचा ते आज बघू.

*आधी एक घडलेली गोष्ट*

आपल्याच एका सभासदाने मागच्या हंगामाआधी जुनी पिकअप घेतली. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीने गोष्ट तेवढी सांगतो. रंग चांगला, इंजिन चांगलं, काळा धूर नाही, मोकळी गाडी रस्त्याला पळायलाही मस्त. मे महिन्यात ७५ क्रेट भरून ते नारायणगावला निघाले. चंदनापुरी घाटात पुढे एक कंटेनर बंद पडला होता, त्यामुळे चढावर थांबावं लागलं. रांग दहा-दहा फूट सरकायची. प्रत्येक वेळी भरलेली गाडी चढावर जागेवरून उचलायची म्हणजे अर्धा क्लच दाबून उचलायची. सात-आठ वेळा तसं झालं आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. नंतर गाडी जागची हलेना.

दुसरी गाडी मागवून भर उन्हात ७५ क्रेट उतरवले आणि परत भरले. बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकला होता. माल दुसऱ्या दिवशी विकला, तोही मऊ पडलेला. क्लचचा खर्च, दुसऱ्या गाडीचं भाडं आणि पडलेला भाव असा तिहेरी फटका बसला.

क्लच बदलताना मिस्त्रींनी सहज मागचं चाक फिरवून रेशो काढला. निघाला ३.७३. त्या मॉडेलला कंपनीकडून ४.३ येतो. आधीच्या मालकाकडे कधीतरी क्राउन-पिनियन गेलं असणार आणि कुणीतरी दुसऱ्या गाडीचं, हलक्या कामाचं, जुन्या बाजारातलं बसवून दिलं असणार. कागदावर याची कुठेच नोंद नाही. गाडी बाहेरून बघून ओळखायला कसलीही खूण नाही.

*रेशो म्हणजे काय*

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते. मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगलेला लोखंडी गोळा दिसतो, त्याला हाउसिंग म्हणतात. त्याच्या आत एक लहान गिअर असतो, तो पिनियन. त्याला जोडून एक मोठी चकती असते, ती क्राउन. शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राउनला फिरवतं आणि क्राउन चाकांना.

क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो मिळतो. क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला १० असतील तर ४३ भागिले १० म्हणजे ४.३. याचा अर्थ शाफ्टने ४.३ फेरे मारले की चाकाचा १ फेरा होतो.

कडबाकुट्टीची पुली आठवा. मोटारीवर लहान पुली आणि कुट्टीवर मोठी पुली असली की कुट्टी हळू फिरते पण जोर मिळतो. मोटारीवरची पुली मोठी केली की कुट्टी जोरात फिरते, पण ओली मका टाकली की दम तोडते. गाडीचं तेच आहे.

• आकडा मोठा (४.५, ४.९, ५.१): ओढ जास्त, चढावर गाडी सहज उचलते. मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, हायवेला आवाज आणि डिझेल वाढतं.
• आकडा लहान (३.५, ३.७, ३.९): मोकळ्या रस्त्याला पळते, इंजिन शांत राहतं. मात्र भरलेली गाडी चढावर उचलताना सगळा ताण क्लचवर येतो.

ओढ किती कमी होते ते वरच्याच गाडीवर बघा. ४.३ ऐवजी ३.७३ म्हणजे चाकावरचा जोर सुमारे १३ टक्के कमी. भरलेली गाडी मालासकट ३००० किलो धरली, तर ३.७३ वाल्या गाडीला तो घाट ४.३ वाल्या गाडीत साडेचारशे किलो जादा भरल्यासारखा जड जातो. एका भरलेल्या क्रेटचं वजन २२ किलो धरलं तर साडेचारशे किलो म्हणजे २० क्रेट. आपल्या सभासदाने ७५ क्रेट भरले होते, पण गाडीला ते ९५ वाटत होते.

उतारालाही याचा संबंध येतो. कल्याणकडे जाताना भरलेली गाडी माळशेज उतरते तेव्हा निम्मा आधार इंजिनचा असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये धरली की इंजिन तिला मागे खेचतं. रेशो लहान असेल तर ही खेच कमी मिळते, ब्रेक जास्त दाबावा लागतो आणि ड्रम तापतात. घाटात ब्रेक तापून पकड सुटणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या जीपगाड्या ज्यांनी चालवल्या आहेत त्यांना हे पटेल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला ४.८८ रेशो होता, म्हणजे क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दाते. नंतरच्या सीजे-३बी ला, जी आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षे बनवली, ५.३८ म्हणजे ४३ आणि ८ दाते होते. इंजिन लहान, पण चिखलातून आणि चढातून ती बाहेर यायची, त्यात या आकड्याचा मोठा वाटा होता.

*पद्धत १ : कागद आणि पट्टी*

पहिलं सोपं काम. आरसी बुकावरून चॅसिस नंबर घ्या आणि त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा पार्टच्या दुकानात विचारा, या गाडीला क्राउन-पिनियन किती दात्यांचं येतं. पार्टवाले रेशो बोलत नाहीत, दाते बोलतात. "दहा-त्रेचाळीस", "नऊ-एक्केचाळीस" असं सांगतील. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचं.

काही गाड्यांना हाउसिंगच्या बोल्टखाली छोटी पत्र्याची पट्टी असते किंवा हाउसिंगवर आकडे ठोकलेले असतात. चिखल पुसून बघा, दिसले तर फोटो काढा.

पण एवढ्यावर थांबू नका. चॅसिस नंबरवरून कारखान्यातून काय बसवून आलं ते कळतं. नंतर कुणी बदललं असेल तर ते कळत नाही. पट्टीही जुन्या हाउसिंगवर तशीच राहते आणि आतला माल बदललेला असतो. म्हणून हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या पद्धतीने पडताळा.

*पद्धत २ : चाक फिरवून मोजणे (ही नक्की करा)*

लागणारं सामान: जॅक, एक घोडी (नुसता जॅक चालणार नाही), सहा चांगले दगड किंवा लाकडी ठोकळे, खडू, रंगीत चिकटपट्टी आणि दोन माणसं.

१) गाडी मोकळी करा आणि सपाट, टणक जागेवर लावा. शेतात किंवा उतारावर नको.

२) गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागचं जे चाक जमिनीवर राहणार आहे त्याला पुढून-मागून दगड लावा.

३) मागचं एकच चाक जॅकने वर घ्या. जमिनीपासून दोन बोटं सुटलं तरी पुरे. एक्सलखाली घोडी लावा आणि जॅक थोडा सैल करून वजन घोडीवर घ्या.

४) आता गाडी न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. चावी काढून खिशात ठेवा. फोर बाय फोर गाडी असेल तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवा. हँडब्रेक सोडल्यावर गाडीला फक्त दगडांचाच आधार असतो, म्हणून ते लावण्यात आळस नको.

५) वर घेतलेल्या टायरवर खडूने रेघ मारा आणि तिच्यासमोर मडगार्डवरही एक खूण करा. प्रोपेलर शाफ्टला, हाउसिंगच्या जवळ, रंगीत चिकटपट्टीचा झेंडा लावा म्हणजे फेरा स्पष्ट दिसेल. झेंडा आधीच, घोडी पक्की बसल्यावर आणि बाजूने हात घालून लावा. गाडीखाली झोपायचं नाही.

६) मोबाईल जमिनीवर दगडाला टेकवून ठेवा, शाफ्टचा झेंडा दिसेल असा, आणि व्हिडिओ चालू करा. मोजताना चुकलं तर व्हिडिओ परत बघता येतो.

७) चाक हाताने हळूहळू एकाच दिशेने फिरवा. सुरुवातीला थोडा ढिलेपणा जाईल, तो जाऊ द्या. शाफ्ट हलायला लागला की तिथून मोजायला सुरुवात करा. एकाने चाकाचे फेरे मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने शाफ्टचे.

८) *चाकाचे बरोबर २० फेरे करा.* शाफ्टचे जेवढे फेरे झाले त्याला *१० ने भागा.* तो तुमचा रेशो.

उदाहरण: चाकाचे २० फेरे झाले तेव्हा शाफ्टचे ४३ झाले. ४३ भागिले १० म्हणजे ४.३. दुसऱ्या गाडीत ३७ आणि वर पाव फेऱ्याहून किंचित जास्त झाला, तर रेशो ३.७३. शेवटचा अर्धा-पाव फेराही लिहा.

*२० फेरे करून १० ने का भागायचं?* इथे बरेच जण चुकतात. हाउसिंगच्या आत डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, ती सोय त्याच्यामुळे होते. क्राउनचे फेरे म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. आपण एक चाक जमिनीवर अडवून ठेवलं आहे, त्याचे फेरे शून्य. दुसऱ्याचे २०. सरासरी १०. म्हणजे क्राउन १० वेळा फिरलं. म्हणून १० ने भागायचं.

तुमचं उत्तर १.८ ते २.७ च्या दरम्यान आलं तर घाबरू नका. तुम्ही २० ने भागलंय. दुप्पट करा.

*दोन्ही चाकं वर घेतली तर?* साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरतं आणि शाफ्ट जागेवरच राहतो. मोजता येत नाही, म्हणून एकच चाक वर घ्यायचं. न्यूट्रल असून आणि हँडब्रेक सोडूनही वर घेतलेलं चाक फिरतच नसेल, तर लॉक होणारं डिफरन्शियल असू शकतं किंवा ब्रेक चिकटलेला असू शकतो. अशा वेळी मिस्त्रींना बोलवा. त्यात दोन घोड्या लावून दोन्ही चाकं वर घेतात, दोन्ही एकाच दिशेने १० फेरे फिरवतात आणि शाफ्टचे फेरे १० ने भागतात.

इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवण्याचा प्रयोग कुणीही करू नका. एक चाक हवेत असलेली गाडी घोडीवरून उडी मारते.

*आकड्यावरून दाते ओळखा*

नेहमी दिसणाऱ्या काही जोड्या देतो. तुमच्या गाडीची जोडी वेगळीही असू शकते.

३.७३ : ४१ आणि ११
३.९१ : ४३ आणि ११
४.१० : ४१ आणि १०
४.३० : ४३ आणि १०
४.५६ : ४१ आणि ९
४.८८ : ३९ आणि ८
५.१३ : ४१ आणि ८
५.३८ : ४३ आणि ८

यातल्या एकाही जोडीत पूर्ण भाग जात नाही. ते मुद्दाम तसं ठेवतात. पिनियनचा एक दाता दर फेऱ्याला क्राउनच्या त्याच त्या दात्यांवर आला असता तर तेवढेच दाते झिजले असते. अशा जोडीत प्रत्येक दाता फिरत फिरत सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. म्हणूनच क्राउन आणि पिनियन कायम जोडीने बदलायचं असतं. एक जुनं आणि एक नवं बसवलं की आवाज करतं आणि लवकर जातं.

*पद्धत ३ : मीटर खरं बोलतंय का ते बघा*

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये किलोमीटरचं मीटर गिअरबॉक्सच्या बाजूने चालतं, म्हणजे ते शाफ्टचे फेरे मोजतं. मागे रेशो बदलला आणि मीटर तसंच ठेवलं, तर मीटर चुकीचं बोलायला लागतं.

मोबाईलवर नकाशा लावा, जीपीएस चालू करा आणि सरळ रस्त्यावर बरोबर १० किलोमीटर गाडी चालवा. गाडीच्या मीटरवर किती पडले ते बघा.

• १० च्या आसपास पडले तर ठीक. थोडाफार फरक टायरच्या झिजेनेही येतो.
• ८.७ पडले, तर ४.३ च्या जागी ३.७३ बसवल्याचा संशय घ्या. अशी गाडी रेशो बदलल्यापासून १ लाख किलोमीटर चालली तर मीटर ८७ हजारच दाखवतं.
• ११.५ पडले, तर उलटा प्रकार. ३.७३ च्या जागी ४.३ आहे. इथे विकणारा "१५ चा ॲव्हरेज" म्हणतो तेव्हा खरा १३ चाच असतो, कारण मीटरच जास्त पळतंय. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही, त्यालाही मीटर तेच दाखवतं.

टायरचा साइज बदललेला असेल तरीही फरक पडतो. म्हणून टायरवरचा साइज आणि दरवाज्याजवळच्या स्टिकरवरचा किंवा मॅन्युअलमधला साइज जुळवून बघा. मोठे टायर टाकले की ओढही कमी होते. टायरचा घेर ५ टक्के वाढला तर ४.१ रेशोची गाडी ३.९ सारखी ओढते. नवीन गाड्यांत काही ठिकाणी वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून घेतात. तिथे रेशो बदलला तरी मीटर बरोबर राहतं. म्हणून मीटर जुळलं म्हणून रेशो बरोबर आहे असं धरू नका. पद्धत २ करायचीच.

गाडीला आरपीएमचा काटा असेल तर चालत्या गाडीतही अंदाज घेता येतो. जो गिअर एकास एक असतो (बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत चौथा, मिस्त्रींना विचारून खात्री करा) त्यात जीपीएसवर ताशी ६० किलोमीटर धरा आणि शेजारच्या माणसाला काटा वाचायला सांगा. टायर एका फेऱ्यात २.१ मीटर जात असेल तर ६० च्या वेगाला चाक मिनिटाला ४७६ फेरे मारतं. काट्यावर १९५० दिसले तर १९५० भागिले ४७६ म्हणजे ४.१. टायरचा फेरा खडूची खूण करून, गाडी एक फेरा पुढे ढकलून टेपने मोजा.

*पद्धत ४ : हाउसिंग उघडून*

ज्या गाड्यांच्या हाउसिंगला मागून बोल्टचं झाकण असतं, तिथे झाकण काढून क्राउनचे दाते सरळ मोजता येतात. बऱ्याच वेळा क्राउनच्या कडेला दात्यांचे आकडे ठोकलेलेही असतात. काही हाउसिंगला मागे झाकण उघडत नाही, त्यात सगळा संच पुढून काढावा लागतो. ते काम गाडी घेण्याआधी कुणी करू देणार नाही.

ऑइलचा बोल्ट मात्र उघडून बघू द्या म्हणा. बोटावर ऑइल घ्या. चहासारखं दुधाळ दिसलं तर हाउसिंगमध्ये पाणी गेलेलं आहे. लोखंडाचे कण, तुकडे हाताला लागले तर दाते किंवा बेअरिंग चाललंय. गाडी चालवताना रेस दिली की हूंऽऽ असा आवाज येतो आणि पाय काढला की बदलतो किंवा थांबतो, तर क्राउन-पिनियन बघायला सांगा. डावी-उजवीकडे वळताना आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग.

*आकडा मिळाला, आता काय?*

आपल्या वापराला ढोबळ हिशोब असा:

• ३.५ ते ३.९ : सपाट रस्ता, हलका माल, दूध, रोपं, बियाणं-औषधं. घाटात भरून नेऊ नका.
• ४.० ते ४.५ : थोडा घाट, थोडा हायवे. टोमॅटो, कांदा घेऊन नारायणगाव, नाशिक, वाशी करणाऱ्याला हा बरा.
• ४.६ च्या वर : कायम चढ, कच्चा रस्ता, पूर्ण भार. वेगाची अपेक्षा नको.

पण दोन वेगळ्या मॉडेलच्या गाड्यांची तुलना नुसत्या रेशोवर करू नका. इंजिनची ताकद, गिअरबॉक्स आणि टायर वेगळे असतात. खरी तुलना त्याच मॉडेलच्या कंपनीच्या आकड्याशी करायची. कंपनी ४.३ देते आणि चाक ४.३ दाखवतं, तर या बाबतीत गाडी पास. आकडा जुळला नाही तर तीन रस्ते:

१) तुमचा रस्ता सपाट असेल आणि आकडा लहान निघाला, तर गाडी चालेल. फक्त मीटरचे किलोमीटर खरे धरू नका आणि किंमत त्याप्रमाणे बोला.

२) तुम्हाला घाट आहे आणि गाडी बाकी चांगली आहे, तर बरोबर जोडी बसवायचा खर्च आधी मिस्त्रींकडून लिहून घ्या आणि तो किमतीतून वजा करा. हे काम अंदाजाने होत नाही. पिनियनचं बेअरिंग, दात्यांमधलं अंतर, शिम हे मापात बसवावं लागतं. ज्याने आधी केलंय अशाच मिस्त्रींकडे द्या.

३) फोर बाय फोर गाडी असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही रेशो मोजा. दोन्ही सारखे नसतील तर फोर-व्हील लावल्यावर पुढचा एक्सल एक वेग मागतो आणि मागचा दुसरा. टणक रस्त्यावर ट्रान्स्फर केस, क्रॉस आणि टायर सगळ्यांवर ताण येतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत घेऊ नका.

आणि एक. रेशो कितीही मोठा निघाला तरी आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या पुढे भरायची ती परवानगी नाही. आरसीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा माल, त्यात क्रेटचं आणि सोबत बसणाऱ्या माणसांचंही वजन धरायचं.

*विकणारा नाही म्हणाला तर?*

आपलेपणानेच सांगा, "दादा, चाक एकदा वर घेऊन बघतो, वीस मिनिटं लागतील, काही खोलायचं नाही." गाडी चांगली असेल तर माणूस हो म्हणतो, वर चहाही पाजतो. चाक फिरवायलाही नको म्हणत असेल, तर इसार देऊ नका. दुसरी गाडी बघा.

*थोडक्यात, हे वहीत लिहून न्या*

– चॅसिस नंबरवरून कंपनीचा रेशो : ____
– एक चाक वर, २० फेरे, शाफ्टचे फेरे : ____ भागिले १० = ____
– जीपीएसवर १० किलोमीटर, मीटरवर : ____
– टायरचा साइज, कंपनीचा आणि बसवलेला : ____
– ऑइल : स्वच्छ / दुधाळ / कण
– माझा नेहमीचा रस्ता आणि माल : ____

ही वही भरल्याशिवाय इसाराचं पाकीट खिशातून काढू नका.

मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस, गाडीचा मिस्त्री नाही. चाक फिरवायची पद्धत मी त्याच मिस्त्रींकडून शिकलो ज्यांनी ती क्लचप्लेट बदलली. नंतर तीन सभासदांच्या गाड्यांवर त्यांच्यासोबत करून पाहिली, तिन्ही वेळा आकडा बरोबर निघाला. ज्यांना पहिल्यांदा भीती वाटते त्यांनी गाडी बघायला जाण्याआधी संकलन केंद्रावर या. आपली केंद्राची गाडी मोकळी असते तेव्हा तिच्यावर करून दाखवतो. जॅक आणि घोडी तिथे आहे.

मोजलेला आकडा, मॉडेल आणि साल या नंबरवर व्हॉइस मेसेज करून कळवा. पुढे दुसरा कुणी सभासद तेच मॉडेल घ्यायला गेला तर त्याच्या कामाला येईल.

उद्याच्या मेसेजमध्ये रोपांच्या मररोगाबद्दल आणि ड्रेंचिंगबद्दल बोलू.

गाडी सावकाश चालवा.
तुमचा कृषी सल्लागार